ग्रामसभेचे दोन प्रकार

मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, असं लोक समजतात. खरं तर मी इतिहास शिकवला. नागरिकशास्त्र हे त्याच पुस्तकाच्या शेपटाला बांधलेलं, शिवाजी महाराजांच्या लढाया संपल्यावर परीक्षेआधी दिवस उरले तरच उघडायचं. एकदा एका पोरानं पेपरात लिहिलं, "ग्रामसभेचे दोन प्रकार आहेत : साधी आणि तहकूब. साधी सभा भरत नसते." मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. पुस्तकात काहीही असो, केज तालुक्यातल्या आमच्या गावात तरी खरं तेच होतं.

कायद्यानं आमच्या ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. तेवढी आली नाहीत की सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र तिला माणसांची अट नाही. हे कळल्यापासून गावात पहिल्या सभेला जाणारा माणूस अडाणी ठरतो. दुसऱ्या सभेला सरपंचबाईंचे यजमान, त्यांचे साडू आणि चहा घेऊन आलेला हॉटेलवाला एवढी मंडळी जमतात आणि एकमतानं कारभार उरकतात. गाव सरपंच म्हणतं ते यजमानांनाच. बाईंना तो मान पंधरा ऑगस्टला, झेंड्याची दोरी ओढण्यापुरता.

अशा गावात मागच्या उन्हाळ्यात माझा चुलतभाऊ टेक्सासहून पुतणीच्या लग्नाला आला. तिकडच्या नागरिकत्वाची परीक्षा पास झाल्यापासून तो तिथल्या उजव्या पक्षाचा कट्टर भक्त झालाय. शर्टाच्या खिशात अमेरिकेच्या राज्यघटनेची छोटी पुस्तिका, आमचे लोक तंबाखूची पुडी ठेवतात त्याच जागी. मी त्याला आणायला गेलो होतो. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शेवभाजी येईपर्यंत त्याला दम निघाला नाही.

"दादा, कायदे कोण करतं हे ज्याला माहीत नाही, त्यानं मत देऊन काय दिवे लावायचे? तिथं जन्मलेल्या पोरांना आमच्या परीक्षेतले प्रश्न विचार, धडाधड नापास होतील. शाळांनी शिकवणंच सोडलं. मग जो तो उठतो आणि वॉशिंग्टनकडं हात पसरतो. गावाचं गावानं बघावं. लोकांना राज्य करता येत नसलं की कुणीतरी त्यांच्यावर करतंच."

मला त्याचं पटलं, अगदी मनापासून पटलं. माझ्या विषयाला एवढी किंमत देणारा माणूस मला नोकरीत एकही भेटला नव्हता. तो सातासमुद्रापार जाऊन यावा लागला, एवढंच.

गावात तेव्हा एकच प्रश्न पेटला होता. आलेल्या निधीतून वेशीवर कमान उभारायची, की ओढ्यावर नळकांडी पूल बांधायचा? यजमानांना कमान हवी होती, कारण कमानीवर नाव घालता येतं. नळकांड्यावर नाव घातलं तरी ते वाचायला पाण्यात उतरावं लागतं. पूल हवा होता तो ओढ्यापलीकडच्या वस्तीला. तिथली एक बाई, माझीच जुनी विद्यार्थिनी, घरोघर फिरून सांगत होती. तिची मुलगी नववीत गेली होती. पावसाळ्यात ओढा भरला की पोरीची शाळा बुडायची, आणि आता पुढचं वर्ष दहावीचं.

"गुरुजी, एकडाव साधी सभा भरू द्या. हात वर करून मोजा म्हणावं. लोकं पुलाच्या बाजूनं हायती," ती म्हणाली.

आणि नवल म्हणजे सभा भरली! पूल राहिला बाजूला, गाव लोटलं ते अमेरिकेचा माणूस बघायला. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली शंभराच्या वर डोकी. ग्रामसेवकानं दोनदा मोजली, कारण त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. यजमानांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. ते उठले, भावाच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "आधी पाव्हण्यांचं दोन शब्द. मग ठराव."

माझा भाऊ दोन शब्दांत कधी आटोपला आहे? तो स्वराज्यावर बोलला. अमेरिकेच्या छोट्या गावांत लोक चर्चच्या हॉलमध्ये जमून रस्त्यापासून शाळेपर्यंत सगळं स्वतः कसं ठरवतात, ते बोलला. पुस्तिका काढून वाचून दाखवली, मग तिचं मराठी केलं. मी मागून दोनदा सदरा ओढला. त्याला वाटलं, हार सरकलाय; त्यानं तो नीट केला. जरा थांबला की यजमान हात जोडायचे, "बोला सायेब, बोला. आमच्या लोकान्ला असं कोण सांगतंय? लई गरज हाय."

मग त्यानं तिथल्या सिनेटची गंमत सांगितली. एखादा ठराव नको असेल तर तिथला सदस्य उभा राहतो आणि बोलतच सुटतो, तासन् तास, समोरचे कंटाळून जाईपर्यंत. भावाच्या मते ही थोर परंपरा होती, उतावळ्या बहुमताला लगाम घालणारी. यजमानांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. एवढा समजून घेणारा श्रोता त्याला टेक्सासमध्येही मिळाला नसेल.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "लाईट आली रं!"

शेतीची लाईट आमच्याकडं पाळीनं येते. ती आली की लोक देवाच्या आरतीतूनही उठतात, मग स्वराज्याची काय कथा! बघता बघता पटांगण रिकामं झालं. गडी मोटारी चालू करायला पळाले. उरल्या बाया, दोन म्हातारे आणि वक्ता. यजमानांनी हळहळत मान हलवली. "ग्रामसेवक, मोजा बरं. कोरम हाय का?"

"न्हाई."

"मग सभा तहकूब. कायदा म्हंजे कायदा."

ती बाई तोवर उभीच होती. हात वर करायचा म्हणून मघापासून उभी होती.

आठ दिवसांनी दुसरी सभा झाली, म्हणजे चहा झाला. कमान एकमतानं मंजूर. मी विरोधाला गेलो होतो. माझा विरोध त्यांनी ऐकून घेतला आणि मलाही चहा दिला. जूनमध्ये भावाचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लोकांनी थांबायला पाहिजे होतं, दादा. स्वराज्य फुकट मिळत नाही." मी फोन ठेवून दिला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

ओढा जुलैत भरला. एका दुपारी ती बाई एसटीतून उतरली. मुलीला मामाकडं पालीला ठेवून आली होती, तिकडच्या शाळेत नाव घालून.

"पाणी ओसरलं की येईल की परत," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"शाळा मामाच्या दारातच हाय, गुरुजी. पहिल्याच दिशी मला म्हणली, आई, हितं पाय कोरडे ऱ्हातेत." ती चपला काढायला वाकली. "आता ती कशाला यील?"

तिनं चपला काढून हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं आणि घरी जायला ओढ्यात उतरली.