धुराभोवती रांगोळी

कोल्हापूर शहरात सिगारेट ओढणारा असा एकही माणूस उरला नसेल, ज्याच्याभोवती माझ्या भाचीनं एकदा तरी रांगोळी काढलेली नाही. अतिशयोक्ती वाटत असेल तर खुशाल वाटू द्या; ज्यांच्याभोवती काढली ते बोलणार नाहीत आणि बाकीच्यांना कळायचं कारण नाही. कोडोलीहून ती कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांची एक पिशवी, पुस्तकांचं एक पोतं आणि काकवीच्या जुन्या डब्यात गच्च भरलेली पांढरी रांगोळी होती. माझ्या बायकोला वाटलं, पोरगी वळणाची आहे, रोज दारात रांगोळी घालेल. दाराला तिनं शेवटपर्यंत एक ठिपका लावला नाही. डबा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत असायचा. स्टँडवर, बागेत, थेटराच्या दारात, जिथं कुणी सिगारेट पेटवेल तिथं ही जायची, वाकून त्याच्या पायांभोवती एक सुबक गोल काढायची आणि अत्यंत नम्रपणे म्हणायची, "पावणं, ओढा की निवांत. फकस्त धूर ह्या रिंगणाच्या भाईर जाऊ द्यायचा न्हाई. गेलाच तर हाक मारा, मी आत ढकलती."

भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं, पण रांगोळी काढणाऱ्या पोरीशी काय भांडणार? माणसं ओशाळं हसायची, दोन झुरके घाईनं ओढायची आणि रांगोळी पुसू नये म्हणून उडी मारून बाहेर पडायची. रंकाळ्यावर एकदा पांढऱ्या दाढीचे एक जाडजूड गृहस्थ त्या रिंगणात सापडले. लाजून त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात नृसिंहवाडीचं दर्शन करून परतणारं एक कुटुंब तिथनं चाललं होतं. त्यांनी दाढी बघितली, मिटलेले डोळे बघितले, खाली रांगोळी आणि वर धूर बघितला आणि सगळ्यांनी चपला काढून नमस्कार केला. त्यातल्या आजीबाईंनी तर प्रसादाचा पेढा पुढं केला. गृहस्थांनी सिगारेट विझवली, पेढा खाल्ला आणि भाचीला हळूच विचारलं, "पोरी, आता ह्यातनं भाईर पडायचं कसं?"

तिचं नाक हा एक स्वतंत्र विषय आहे. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसानं सकाळी ओढली की दुपारी, काडीनं पेटवली की लायटरनं, हे ती तोंड न वळवता सांगायची. आवाजही तसाच, लपवाछपवी न जाणणारा. गडमुडशिंगीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. नवऱ्या मुलाचे थोरले काका मांडवामागं पाण्याच्या टँकरच्या आडोशाला धूर काढत उभे होते आणि वारा नेमका बायकांच्या पंगतीकडं वाहत होता. भाचीनं स्टेजवर जाऊन निवेदकाच्या हातातला माईक घेतला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी घोषणा केली, "वरपक्षाकडील मानाचे पाहुणे टँकरमागं एकटेच कार्यक्रम करीत आहेत. त्यांनी अक्षता पडायच्या आत तो उरकून यावं, ही विनंती." मानाचे पाहुणे आले, पण ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. माझ्याशी तर अजून बोलत नाहीत, कारण भाची माझी आणि त्यांना पेटवायला काडी दिली होती तीही मीच.

हो, मी ओढतो. पतसंस्थेत खुर्चीवर बसून बसून लागलेली सवय आहे, आणि घरात ती मी फार हुशारीनं लपवली आहे असा माझा समज होता. मी गच्चीवर जायचो ते पाण्याची टाकी बघायला. सकाळी चहा झाला की टाकी, जेवण झालं की टाकी, संध्याकाळी बातम्या संपल्या की टाकी. अख्ख्या जगाला रांगोळी घालणारी ही पोरगी मला मात्र कधी एका शब्दानं बोलली नाही. जिन्यात भेटली की एवढंच विचारायची, "मामा, भरली का टाकी?" मी म्हणायचो, "भरत आलीय." "आज लईच पाणी लागलं वाटतं," असं म्हणून ती निघून जायची आणि बायको स्वयंपाकघरातनं फिसकन हसायची. मला रिंगणाच्या लायकीचंही न समजण्यात जो अपमान होता तो मला बोचायचा, पण मोठेपणानं मी तो टाकीवरच सोडून येत असे.

तिची खरी लढाई मात्र कॉलेजच्या दारात होती. तिथं 'धूम्रपानास सक्त मनाई' असा मोठा फलक आहे. पोरं त्या फलकाला पाठ टेकून सिगारेट ओढायची, कारण सावली नेमकी तिथं पडते. फलकाशेजारी एका मावशीचा चहाचा गाडा. चहा फक्कड, आणि बरणीत सुट्ट्या सिगारेटी. नवरा गेल्यावर मावशीनं ह्या गाड्यावर दोन मुली मोठ्या केल्या होत्या. स्वतः तिनं आयुष्यात सिगारेट तोंडाला लावली नव्हती, पण दिवसभर त्या धुरात उभी राहून ती गिऱ्हाइकांपेक्षा जास्त खोकायची. भाचीच्या डोक्यात हा खोकला बसला होता. कॉलेजच्या दाराशी तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, एक तक्रार केलीस की गाडा उचलतील, असं तिला वर्गातल्या एकानं सांगितलं, तर ती त्याच्यावरच खवळली. "गाडा गेला तर मावशी खाईल काय? मला धूर घालवायचाय, मावशीला न्हाई."

म्हणून तिनं शक्कल काढली ती खास कोल्हापूरची. आमच्याकडं संध्याकाळी दुधाचे कट्टे भरतात. चौकात म्हैस बांधलेली असते, गवळी तुमच्या डोळ्यांसमोर धार काढतो आणि फेसाळलेला ग्लास तसाच कोमट हातात देतो. तो प्यायला तालमीतले पैलवान येतात, पोरंटोरं येतात, डॉक्टरांनी दूध बंद केलेले म्हातारेही चोरून येतात. भाची म्हणाली, कॉलेजच्या दारात एक दिवस कट्टा लावायचा. जो ओढणारा खिशातली सिगारेट आपल्या हातानं टाकून देईल त्याला एक ग्लास धारोष्ण दूध. कल्पना ऐकून मी इतका भारावलो की म्हैस आणायची जबाबदारी आणि दुधाचा खर्च दोन्ही अंगावर घेऊन बसलो. ओळखीच्या गवळ्यानं मला आधीच बजावलं होतं, "न्हेतो की, पण म्हस लाजरी हाय साहेब. गडबड झाली की पान्हा चोरती." मी म्हणालो, "कॉलेजची शिकलेली मुलं आहेत, गडबड कशाला करतील?"

म्हैस दारात उभी राहिली आणि पोरांनी हलगी वाजवली. म्हशीनं डोळे मिटून घेतले आणि दूध वर ओढून घेतलं. तिची समजूत काढायला भाची तिच्या गळ्याशी उभी राहिली आणि सिगारेटी गोळा करायचं टेबल तिनं माझ्यावर सोपवलं. "मामा, जो खरंच ओढतो त्याचीच घ्या. वास बघा आणि मग ग्लास द्या," असं तिनं मला दोनदा सांगितलं. आता ज्याच्या स्वतःच्या मिशीला कायम धुराचा वास, त्याला दुसऱ्याचा काय कळणार? मी सगळ्यांच्याच घेत सुटलो. थोड्या वेळानं म्हैस रमली, धार लागली, आणि रांग बघता बघता पार रिक्षा स्टॉपपर्यंत गेली. मला आनंदानं भरून आलं. एवढी पोरं व्यसन सोडतायत! रांगेत एक पैलवान आला. लंगोटाचा पक्का, खांद्यांवर थेट डोकं, मान नाहीच असा. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी दोन बोटांत सिगारेट लांब धरून म्हणाला, "घ्या काका लवकर, वस्ताद बघतील. आणि ग्लास जरा मोठा द्या की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. सुटी सिगारेट स्वस्त आणि कट्ट्यावरचं दूध महाग, एवढा हिशोब पतसंस्थेतल्या माणसाला सुचू नये? ज्यांनी जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता अशी तालमीतली, एन.सी.सी.तली, भजनी मंडळातली पोरं मावशीकडनं एकेक विकत घेऊन माझ्या टेबलावर टाकत होती आणि मिशा पुसत परत रांगेत लागत होती. मावशीची बरणी रिकामी झाली, तिनं नवी खोकी मागवली, तीही संपली. "पोरी," ती गाड्यावरनं ओरडली, "असलं आंदोलन दर आठवड्याला काढ गं!"

भाचीनं वळून बघितलं आणि तिला सगळं कळलं. मला तेव्हाही कळलं नाही. सिगारेटींनी भरलेलं टेबल, मागं रिकाम्या खोक्यांची चळत, मावशीचं हसतं तोंड, वर कॉलेजचं नाव आणि पुढं विजयी वीरासारखा मी, असा फोटो काढून मी आमच्या प्रभागाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कॉलेजच्या दारातली सिगारेट संपली!'

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेची माणसं गाड्यापाशी उभी होती. ग्रुपवर कोण कोण असतं ते आपल्याला कुठं ठाऊक असतं! पुरावा माझ्याच फोटोत होता. दाराला लागून तंबाखूविक्री, तेव्हा आठवड्याभरात गाडा हलवा. मावशी भाचीला बघताच कडाडली, "माझ्या खोकल्याची काळजी करत हुतीस न्हवं? आता गाडाच न्हाई तर खोकू कुठं उभी राहून, ते बी सांग!" भाची त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. बायकोनं तांबडा रस्सा केला होता, तो तसाच निवला. मी तिच्या दारात जाऊन म्हणालो, "अगं, मी फोटो काढून टाकतो ग्रुपवरनं." ती म्हणाली, "मामा, तुम्ही आता काईच करू नगा. एवढं एक करा माझ्यासाठी."

ती मावशीला घेऊन महापालिकेत गेली. मीही गेलो, पण बाहेरच्या बाकावर, बोलायचं नाही या अटीवर. आतनं तिचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता. साहेब म्हणत होते, "चहा विकायला आमचं काय जातंय? पण आज बरणी काढेल, उद्या परत ठेवेल." भाची म्हणाली, "मी रोज तिथं उभी ऱ्हाती की. बरणी दिसली तर गाडा मीच ढकलत हितं आणून देती." साहेब मावशीकडं वळले असावेत. मग मावशी म्हणाली, "सिगारेट गेली की गिऱ्हाईक गेलं साहेब. पण गाडाच गेला तर मग काय ऱ्हातंय? घ्या, काढली बरणी." बाहेर आल्यावर ती भाचीला मागं टाकून एकटीच निघून गेली.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. मावशीचं म्हणणं खरं होतं. ओढणारी पोरं पुढच्या चौकात गेली आणि जाताना चहाही तिकडंच घेऊन गेली. भाची रोज तासाच्या आधी आणि तासानंतर गाड्यापाशी उभी. मावशी तिच्यासमोर उरलेला चहा गटारीत ओतायची आणि तिच्याकडं बघायचीसुद्धा नाही. मी रोज ऑफिसला जाताना चार चहा प्यायला लागलो, त्यानं मावशीचा धंदा वाढला नाही, माझं पित्त वाढलं. मग एके दिवशी भाची आपल्या वर्गातल्या मुलींना घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मैत्रिणी आल्या. मग लायब्ररीतल्या बाई आल्या, त्यांच्यामागं शेजारच्या दवाखान्यातल्या नर्स. त्या गाड्यापाशी इतकी वर्षं एकही मुलगी कधी थांबत नव्हती, धुरातनं नाकाला ओढणी लावून निघून जायची, हे मी रोज बघत होतो आणि मला कधी दिसलं नव्हतं. महिन्याभरात फलकाच्या सावलीला उभं राहायला जागा उरली नाही. मावशी भाचीशी बोलायला लागली ती तक्रारीनंच, "तुझ्या पोरी एका चहावर दोन दोन तास बसत्यात गं. ती धूरवाली बरी हुती, चटाचटा जायची!" आणि हे बोलताना मधे एकदाही खोकली नाही.

भाची शिकली आणि नोकरीला पुण्याला गेली. खोली रिकामी आहे. बायको म्हणते, घर कसं शांत झालं. मला ती शांतता फारशी झेपत नाही, म्हणून मी सुट्टीच्या दिवशीही त्या गाड्यावर चहाला जातो. गेल्या रविवारी गेलो आणि बोलण्याच्या नादात खिशातनं सिगारेट काढून ओठांत धरली. मावशी एरवी मला भाचीसारखंच मामा म्हणते, पण त्या क्षणी तिनं चमचा माझ्याकडं रोखला आणि अनोळखी माणसाला सांगावं तसं सांगितलं, "पावणं, रस्त्याच्या पल्याड."

मी मुकाट्यानं रस्ता ओलांडला. पलीकडं एकटाच उभा राहिलो. इकडच्या बाजूनं गाडा वेगळाच दिसतो. पोरी हसत असतात, कुणीतरी कुणाला टाळी देत असतं, वाफेत मावशीचं तोंड दिसतं, पण बोलणं ऐकू येत नाही. तेवढ्यात मावशीनं फोन कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि ती मोठ्यानं बोलायला लागली. पुण्याचा फोन आहे हे मला तिच्या तोंडावरनंच कळलं. मावशीनं फोनमधनं भाचीला आधी किटली दाखवली, मग पोरी दाखवल्या, फलक दाखवला आणि मग फोन हातभर लांब धरून सबंध रस्ता दाखवायला ती सावकाश गोल फिरू लागली. फोन माझ्या दिशेला आला. एवढ्या लांबून मी त्यात दिसलो की नाही, दिसलो तर ओळखू आलो की नाही, कोण जाणे. मी पेटलेली सिगारेट घाईनं पाठीमागं धरली आणि दुसरा हात उंच करून हलवत राहिलो, फोन पुढं फिरून गेला तरी.