बिनक्लचची पिकअप

आमच्या शेलूबाजारात शहाण्यांची कधीच टंचाई नव्हती. पण सत्तरच्या दशकात गावात एक बिनक्लचची अमेरिकन पिकअप आली, तेव्हा तर शहाण्यांचं पीकच आलं.

धरणाच्या कामावरची ती जुनी गाडी दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, लिलावात घेतली होती. लहानपणच्या तापात त्याचा डावा पाय वाळला होता. या गाडीत गिअर आपोआप पडायचे. क्लचच नाही, म्हणून डाव्या पायाला कामही नाही. संत्र्यांच्या टोपल्या भरून तो एकटा जऊळक्याच्या स्टेशनावर जायचा. तेवढा वेळ त्याला लंगडा म्हणायची कुणाची सोय नव्हती.

गावाला ते पचलं नाही. "क्लच नाही ते का गाडी हाय? पाळणा हाय तो," असं पानठेल्यावरचे लोक म्हणायचे. त्यांतल्या निम्म्यांना सायकलही धड येत नव्हती.

मग गिअरबॉक्स गळायला लागला. आम्ही गाडी मालेगावच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने गळणारं तेल बोटावर घेतलं. लाल, पातळ. "हे काय ऑइल हाय? सरबत हाय हे. गिअरले कसं काकवीवानी पाह्यजे." आणि त्या महापुरुषाने ट्रकच्या गिअरचं काळं, घट्ट ऑइल आत ओतलं. जन्मभर ट्रक खोललेला माणूस. दुसऱ्या कुणाला विचारणं म्हणजे त्याला कमीपणा. चार दिवसांत गाडीने मान टाकली. इंजिन नुसतं ओरडायचं, चाक जागचं हलायचं नाही.

चूक कबूल करील तर तो मिस्त्री कसला. "अमेरिकेचा मालच कच्चा असते भाऊ. जीपचा गिअर बसवून देतो. मर्दाची गाडी होऊन जाईन."

दादाने एवढंच विचारलं, "अन् माह्या पायाचं काय?"

"सवय होऊन जाते."

वाळलेल्या पायाला म्हणे सवय होते. जमलेल्या दीडशहाण्यांनी माना डोलावल्या. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दुसरा इलाज नाही दादा."

महिनाभर ठोकाठोक करून जीपचा गिअरबॉक्स बसला. नारळ फुटला, पेढे वाटले. दादाला स्टेअरिंगवर बसवलं. त्याने दोन्ही हातांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला. पाय नुसता तिथे पडून राहिला. "दाब भाऊ, दाब," लोक म्हणत होते, तोंडात पेढा. दादा खाली उतरला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मिस्त्रीला मी आजवर मूर्ख म्हणत आलोय, आणि तो होताच. पण असले गिअरबॉक्स दुरुस्त करणारा एक माणूस नागपूरला आहे, हे गाडी बंद पडली त्याच आठवड्यात मला एका ड्रायव्हरने सांगितलं होतं. दादाला मी ते बोललो नाही. ती गाडी मला चालवायची होती.