सर्व्हरमामा आणि तीन क्लाउडवाले

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत सर्व्हरमामांना विचारल्याशिवाय पान हलत नसे, आणि हे मामांना फार म्हणजे फारच आवडे. चोवीस वर्षांपूर्वीचा निळ्या पडद्याचा प्रोग्राम जिन्याखालच्या खोलीत एका खोकड कॉम्प्युटरवर चालायचा. कुठल्या इमारतीची लिफ्ट कधी तपासायची, सगळं त्याच्या पोटात. तो लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला. प्रोग्रामच्या लहरी ठाऊक असलेले मामा तेवढे उरले. एफ-सात हे बटण दोनदा दाबायचं. का? "एकदाच दाबलं की रुसतो," एवढंच शास्त्र! बायको म्हणायची, "माझ्या रुसण्याकडे कधी इतकं लक्ष दिलंत?"

एके दिवशी मॅनेजरबाईंनी बोलावलं. "मामा, हा प्रोग्राम आता क्लाउडवर न्यायचा. आपला कॉम्प्युटर नकोच, दुसऱ्यांच्या मोठ्या यंत्रांवर इंटरनेटवरून चालेल. तीन कंपन्या आल्यात. तपासून तुम्हीच सांगा कोण बरी." मामा मनात म्हणाले, आपल्याला घरी कोण बसवणार, ते आपणच निवडायचं? वा रे न्याय!

पहिल्या कंपनीचा माणूस दोन तास नुसती चित्रं दाखवत होता. मामांनी एकच विचारलं, "एफ-सात कुठाय?" तो म्हणाला, "ते दुसऱ्या टप्प्यात बघू." मामांनी त्याच्या नावावर तिथंच काट मारली.

दुसरी कंपनी हुशार. आठ दिवसांत सगळं नवं, चकाचक. फक्त फॅक्स नंबरचा रकाना त्यांनी उडवला, कारण हल्ली फॅक्स कोण करतं? अहो, कोणीच करत नव्हतं! पण जुन्या प्रोग्राममध्ये शेरा लिहायला जागाच नव्हती, म्हणून पंधरा वर्षं सगळं ऑफिस फॅक्सच्या रकान्यात शेरे लिहीत आलं होतं. पहिल्याच दिवशी मेकॅनिक नवी यादी घेऊन गेला नि फाटक्या पँटनं लंगडत परत आला. जुन्या यादीत त्या इमारतीच्या फॅक्सपुढे लिहिलेलं होतं, 'पुढच्या फाटकाने जाऊ नये, पाळलेला हंस चावतो.' मामांना दया आली, पण हसू काही आवरेना.

तिसऱ्या कंपनीकडून एक चष्मेवाली मुलगी आली. जिन्याखाली स्टूल टाकून ती तीन दिवस मामांशेजारी बसली आणि प्रश्न विचारून तिनं त्यांना भंडावून सोडलं. जुना प्रोग्राम तिनं आहे तसा उचलून क्लाउडवर ठेवला, हंसासकट. एफ-सात दोनदा का, तेही शोधून काढलं. पहिल्या वेळी माहिती साठते, दुसऱ्या वेळी पडदा कोरा होतो. मामांना जरा रागच आला.

पण एक गोष्ट मामांनी तिला सांगितली नाही. एक तारखेला कॉम्प्युटरची तारीख एक दिवस मागे नेऊन यादी काढावी लागे, नाहीतर आदल्या महिन्यात राहून गेलेल्या लिफ्ट यादीतून गळत. 'तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं,' अशी मामांनी स्वतःची समजूत घातली. ही नापास झाली की आपली खुर्ची शाबूत.

एक तारीख उजाडली. यादीत अकरा लिफ्ट कमी. मुलीचा चेहरा पडला, ती नखं खात पडद्याकडे बघत बसली. मामांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्यांनी जुनी यादी काढून त्या अकरा इमारतींवरून बोट फिरवलं. एकीच्या फॅक्सपुढे त्यांचाच शेरा होता, 'सहावा मजला. आजी चाकाच्या खुर्चीत. लिफ्ट बंद पडली की घरातच अडकतात.' मामांना स्वतःची लाज वाटली.

"पोरी, तारीख एक दिवस मागे घे," ते म्हणाले.

तासाभरात तिनं ते आपोआप होईल अशी सोय केली. "मामा, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं!"

संध्याकाळी मॅनेजरबाईंसमोर बसून त्यांनी तपासणीचा फॉर्म भरला. मुलीला पैकीच्या पैकी गुण. शेवटचा प्रश्न होता, नवी व्यवस्था कोणत्या व्यक्तीवाचून अडेल? मामांनी चष्मा पुसला, पेन झटकलं आणि लिहिलं, 'कोणावाचूनही नाही.'

बाईंनी वाचलं. "मामा, नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय," मामा म्हणाले, "मी स्वतः तपासलंय."