कूलरच्या गुदगुल्या

तेव्हा मी काय बाई होते, सांगते. तोंडानं वाघीण आणि विजेच्या बटणापुढं उंदीर. पुलगावात एका शेटजींच्या गोदामामागं मोठी खोली होती, तिथं आम्ही बायका शाळेचे गणवेश शिवायचो. मी कापड बेतणारी, म्हणजे सगळ्यांवर डाफरायचा हक्क माझा. पण बटण दाबायची वेळ आली की मी बेतायची लाकडी पट्टी उचलायची, हात लांब करायची, डोळे घट्ट मिटायची आणि पट्टीच्या टोकानं बटण ढोसायची. डोळे मिटल्यानं करंट कसा अडणार होता, ते माझं मलाच ठाऊक.

सगळ्यांत जास्त हसायची माझी धाकटी जाऊ.

"जाऊबाई, बटण चावते का तुमाले?"

"चावते. तुले चावन तवा समजन."

हे मी रागानं म्हणायची, आणि म्हटल्या म्हटल्या माझाच जीव घाबरायचा. कारण कूलरमध्ये पाणी भरायचं काम तिचं होतं.

कूलर पत्र्याचा, खिडकीशी लोखंडी स्टँडवर ठेवलेला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्याशिवाय त्या खोलीत बसणं शक्य नव्हतं. जाऊ भरली बादली एका हातानं उचलायची, दुसरा हात आधाराला पत्र्यावर टेकवायची आणि पाणी ओतायची. खाली फरशी ओलीचिंब, आणि पाय अनवाणी. चपला आम्ही सगळ्याच दाराबाहेर काढायचो. शिलाई मशीन म्हणजे आमची लक्ष्मी, तिच्यापुढं पायताण घालून कोण जाईल?

त्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. बायका म्हणायच्या, कूलर गुदगुल्या करते. नवी बाई आली की तिला सांगायचं, "जा, कूलरले नमस्कार करून ये," आणि ती दचकली की खोलीभर हशा. मला हसू फुटायचं नाही. जाऊ बादली घेऊन निघाली की बेतता बेतता माझी कात्री थांबायची. तिचं लेकरू अजून अंगावर पीत होतं.

पुढं शेटजींना एका मोठ्या संस्थेचं गणवेशाचं काम मिळालं. संस्थेची अट अशी की दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कामाच्या जागेवरची विजेची प्रत्येक वस्तू तपासून घ्यायची. शेटजी कुरकुरले, "मशीन चालून राह्यल्या, इस्त्री तापून राह्यली, मग तपासाचं काय?"

वर्ध्याहून तपासनीस आला. हातात पेटी, तिच्यात करंट मोजायचं काट्याचं यंत्र. मी त्यालाही भ्यायले. मला वाटलं, हा माणूस तपासायला म्हणून सगळ्या वस्तूंत करंट सोडून पाहणार. म्हणून तो खोलीत होता तोवर मी पट्टी छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी. भिंतीवर नेमका बटणांचा बोर्ड होता, हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानं मशिनींच्या मोटारी पाहिल्या, मग इस्त्री हातात घेतली. इस्त्रीची वायर सोलली होती, तिच्यावर आम्ही गणवेशाच्या निळ्या कापडाची नळी शिवून चढवली होती. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली.

"टाके छान आहेत बाई," तो म्हणाला आणि इस्त्रीला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवली.

कूलर कोरडा होता तेव्हा त्यात काही निघालं नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग तो म्हणाला, "आता रोज चालवता तसा चालवून दाखवा."

जावेनं एक बादली ओतली, कूलर सुरू केला आणि दुसरी भरायला बाहेर गेली. कूलर असा घरघरायचा की शेजारचीचं बोलणं ऐकू यायचं नाही. तपासनिसानं खाली वाकून टेस्टर पत्र्याला टेकवला. आतला बारीक दिवा पेटला. त्यानं टेस्टर दुसरीकडं टेकवला. तिथंही पेटला. त्याचा चेहरा मला दिसला, आणि मी पट्टी आणखी घट्ट धरली.

तेवढ्यात जाऊ आत आली. एका हातात बादली, ओले पाय, आणि दुसरा हात नेहमीसारखा पुढं.

"थांबा," तो ओरडला. तिला ऐकू गेलं नाही. मीही ओरडले असेन, पण तोंडातून वाराच निघाला. तोंडाची वाघीण कुठं गेली कोण जाणे. हातातली पट्टी मात्र आपोआप उठली आणि मी डोळे मिटून बोर्डावर ढोसली.

घरघर थांबली. डोळे उघडायची हिंमत होईना.

"काऊन बंद केला वो जाऊबाई? घामानं जीव चालला."

तिचा आवाज. तिचा हात पत्र्यावर टेकलेला होता, आणि ती उभी होती.

तपासनिसानं आधी प्लग उपटला, मग बोलला. पाण्याच्या पंपाची वायर आत घासून उघडी पडली होती. गुदगुल्या म्हणजे तोच करंट, कोरड्यात नाही, ओल्यात जास्त. एखाद्या दिवशी तो धरलेला हात सोडणार नव्हता. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बटणावर भरोसा ठेवू नका बाई. काही ठिकाणी ते चुकीच्या तारेवर जोडलेलं असते. बटण बंद, अन् करंट चालूच."

हे ऐकल्यावर मी फतकल मारून बसले. बसले ती सांडलेल्या पाण्यात. कोणी हसलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी बरोबरच घरी निघालो. घर जवळ आलं तेव्हा जाऊ म्हणाली, "पट्टी घरी काऊन आणली?"

"हातातून सुटून नाई राह्यली."

तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. घरात शिरल्यावर लेकरू घेऊन बसली ती जेवायलाही उठली नाही.

पंप बदलून, नवी वायर घालून, पुन्हा तपासणी होऊन कूलर परत आला. तपासनिसानं सांगितलं होतं, खोलीत रबरी चप्पल घाला. बायका ऐकेनात, लक्ष्मीपुढं चप्पल कशी? जावेनं बाजारातून कोऱ्या चपलांचा जोड आणला, मशिनीपुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि पायात घातला. "आता ह्या आतल्याच," म्हणाली. बाकीच्यांनीही मग तसंच केलं. बोटाला उरलेलं कुंकू तिनं माझ्या पट्टीला लावलं.

"दाबा आता बटण, जाऊबाई."

मी दाबलं. डोळे मिटूनच.