भास्करच्या यंत्राने मला पकडलं होतं

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. भास्कर जिवंत होता तोवर टाळलं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तो जाऊन पाच आठवडे झाले. धुळ्याच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, ‘भास्करराव देवमाणूस, पण त्यांचं ते कॉम्प्युटरचं खूळ काही जमलं नाही.’ लोक समजूतदारपणे हसले. मी तिथेही गप्प बसलो... आता बसणार नाही.

भास्कर धुळ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, मी जळगावच्या एका दैनिकाची पुरवणी सांभाळायचो. माणसं तयार वाक्यांचे साचे वापरतात आणि आतले एक-दोन शब्द तेवढे बदलतात, याचं त्याला भारी वेड. ‘अमक्यांच्या जाण्याने तमक्या क्षेत्रात पोकळी’... असले साचे लाखो वाक्यांच्या ढिगातून आपोआप शोधणारा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला. ढीग मी पुरवला, आमच्या दैनिकाच्या जुन्या अंकांचा. ‘नाना, एकच मजकूर दोनदा आला नाही ना?’ त्याने विचारलं होतं. ‘बघितलंय मी,’ मी म्हणालो. बघितलं नव्हतं. माझं रविवारचं सदर जळगाव आणि धुळे अशा दोन्ही आवृत्त्यांत छापलं जायचं, आणि धुळ्यासाठी मी फक्त गावाचं, नदीचं, चौकाचं नाव बदलायचो. इकडे गिरणेच्या पाण्यावर वाढलेला माणूस तिकडे पांझरेच्या पाण्यावर वाढायचा. दोन्हीकडून पत्रं यायची, ‘नाना, तुम्ही आमचेच!’

पुढे एका चर्चासत्रात भास्करने यावर निबंध वाचला आणि प्रोग्रामने काढलेली यादी पडद्यावर दाखवली, प्रत्येक साच्याखाली वाक्यं आणि तारखा. वरचे बहुतेक साचे माझे निघाले. मागून एक प्राध्यापक ओरडले, ‘अहो सर, एकाच तारखेचा एकच लेख दोनदा मोजलाय! हे संशोधन की झेरॉक्स?’ सभागृह खदखदून हसलं. भास्करने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. ‘चूक माझी,’ म्हणून त्याने निबंध मागे घेतला.

तर त्या दिवशी हसलेल्यांनो, ऐका. यंत्राने जे शोधायचं तेच शोधलं होतं. आळशी मी होतो, खोटं मी बोललो. माझं सदर वगळून भास्करने तो ढीग पुन्हा चाळला, तेव्हा पुढाऱ्यांच्या भाषणांतले, केळीच्या जाहिरातींतले, वाचकांच्या पत्रांतले अस्सल साचे निघाले. ते बघायला तुमच्यापैकी कुणी फिरकलं नाही. ती यादी माझ्या घरी आहे. कुणाला तपासायची असेल त्याने यावं, मी दार उघडतो.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. गावाकडच्या बोलीत हसत म्हणाला, ‘नाना, मशीनले कोनी नातलग नही. जे शे तेच सांगस.’ यंत्राला नातंगोतं नसतं, जे आहे तेच ते सांगतं. म्हणजे मी खोटं बोललो होतो, हेही त्याला माहीत होतं... कधीपासून, कोण जाणे. मी खुर्ची जवळ ओढली.

‘भास्कर, त्या दिवशी सभागृहात...’

‘हां नाना, बोला.’

‘त्या दिवशी... फार उकडत होतं, नाही?’

‘उकडतच व्हतं, नाना,’ तो म्हणाला, आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी पंखा वाढवायला लावला.