कांदाकाकूंच्या गालातल्या पेशी

खालच्या मजल्यावरच्या काकू कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. स्लाइडसाठी कांद्याचे पापुद्रे काढून काढून हातांना वास मुरलेला, म्हणून मुलं त्यांना कांदाकाकू म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या आणि त्यांचं दार दिवसदिवस बंद राहू लागलं. मला उगाच धास्ती वाटे. काहीतरी कारण काढून मी कडी वाजवून येई.

त्यांच्याच कॉलेजात लेकीची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली आणि वनस्पतीची पेशी नि प्राण्याची पेशी यांत तिचा गोंधळ उडाला. मी काकूंना वर बोलावलं.

"कांद्याच्या पेशीला बाहेरून भित्तिका असते," काकू म्हणाल्या, "म्हणून त्या विटांसारख्या रांगेत बसतात. आत मोठी रिक्तिका, पाणी साठवायला. तिच्या रेट्याने केंद्रक बिचारं कडेला सरकतं. आणि हिरवे कण शोधत बसू नकोस. जमिनीखाली वाढणारा कांदा, त्याला ऊन कुठलं?"

"आणि प्राण्याची, म्हणजे गालाची पेशी?" लेकीने विचारलं.

"तिला नुसतं पटल. आत कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, तेवढं ते बघतं. भिंत नाही, म्हणून आकार वेडावाकडा. सगळा कारभार केंद्रकाचा. मधला गडद निळा ठिपका दिसला की समजायचं."

"पण तो गाल असतो कुणाचा?"

"माझा. मुलांना स्वतःचा गाल खरवडायची किळस. मग मीच टूथपिक फिरवून वर निळा रंग घालायची. किती डॉक्टर माझा गाल बघून पास झालेत, पण रस्त्यात कुणी ओळख देत नाही."

लेक खो खो हसली. काकूही हसल्या. मग सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "परीक्षेला मला बोलावतील. माझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. स्लाइड कोण करणार?"

त्या आठवड्यात त्यांचं दार उघडं असे. जाता-येता दिसायच्या, फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. फोन आला नाही.

परीक्षेहून लेकीला घेऊन मी परतले, तर काकू जिन्याशी उभ्या.

"कशी गेली ग?"

"छान, काकू. कांदा आणि गाल, दोन्ही आले."

"स्लाइड कुणी केल्या?"

"तयारच होत्या. सरांनी विकतच्या पेटीतून काढून दिल्या."

"मग गाल कुणाचा?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "स्लाइडवरच्या चिठ्ठीवर नुसतं 'मानव' लिहिलं होतं."

"केंद्रक नीट दिसत होतं?"

"हो."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि कठडा धरून तशाच उभ्या राहिल्या.