मॅलाकाइटची चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नव्वदच्या दशकात धारवाडच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचो. सप्तापुरात खोली घेऊन राहणाऱ्या झांबियाच्या एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेला मॅलाकाइटचा, म्हणजे तांब्याच्या हिरव्या खनिजाचा, मोठा तुकडा दिला. झांबियातल्या खाण कंपनीत काम करणाऱ्या त्याच्या वडिलांनी तो पाठवला होता. मी मात्र दगडाला लावायच्या चिठ्ठीवर लिहिलं ‘राजस्थान’, आणि शोधणारा म्हणून माझं नाव.

परीक्षेत विभागप्रमुखांनी ‘हा कुठे सापडतो?’ म्हणून नेमका तोच दगड मांडला. त्या विद्यार्थ्याने उत्तर लिहिलं, ‘झांबिया’. मार्क दिला असता तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मी शून्य दिलं.

“सर, हा माझ्या अप्पांचा दगड आहे,” वडिलांसाठी इथलाच कानडी शब्द उचलून तो म्हणाला.

“मार्क चिठ्ठीप्रमाणे पडतात.”

“मग चिठ्ठी कोणी लिहिली, सर?”

तेवढ्या मार्कानेच तो नापास झाला, आणखी एक वर्ष इथेच अडकला.

मी अजून त्याच विभागात आहे, आणि तो दगडही त्याच चिठ्ठीसह तिथेच आहे. आता विभागातले म्हणतील, “बिडरी सर, सोडा आता.” नाही सोडणार. नोकरीवर आलं तरी ती चिठ्ठी मी सगळ्यांसमोर फाडणार आहे. त्याच्या वडिलांच्या नावाची नवी चिठ्ठी लावणं आणि त्याची माफी मागणं, हे माझ्याकडून अजून बाकी आहे.